रंगाची घागर

रंगाच्या घागरीत आडाचं खारं पाणी मी भरलं होतं. मामीनं नाही. हे वाक्य मी आजवर कुणाजवळ उच्चारलेलं नाही. बायकोजवळ नाही, आणि मामा शेवटच्या दुखण्यात पडून होते तेव्हा त्यांच्या उशाशी बसूनसुद्धा नाही. पन्नाशी उलटून गेली. नांदेडात लोक मला चित्रांचा शौकीन म्हणून ओळखतात. कुठं प्रदर्शन लागलं की निमंत्रण येतं, मीही जातो, आणि चित्रासमोर जायच्या आधी त्याच्या कडेला भिंतीशी उभा राहून तिरपं बघून घेतो. पोरं गालात हसतात, सरांची लकब म्हणतात. ती लकब माझी नाही, मामांची आहे. माझ्याकडं स्वतःचं असं त्या बाबतीत जे काही आहे, ते वर पहिल्या ओळीत लिहिलं.

मामा उदगीरला शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. आमचं घर अहमदपूरचं, वडील मोंढ्यात एका आडतीवर कामाला. मी उदगीरच्या कॉलेजात नाव घातलं आणि राहायला मामांकडं आलो. त्यांची एकुलती मुलगी विजया तेव्हा लग्न होऊन देगलूरला गेलेली होती, त्यामुळं घरात आम्ही तिघंच. दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं परस आणि परसात आड. त्या दोन खोल्यांतली एक माणसांची आणि एक रंगाची, असं मामी म्हणायची. ‘आधी त्या खोलीत माणसं होती, आता मातीनं आम्हाला भाईर काढलं,’ हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, पण सांगताना तिच्या तोंडावर तक्रार नसायची. खोलीत भिंतीच्या कडेनं मातीची गाडगी, पत्र्याचे डबे, घंगाळं मांडलेली. तांबडी, पिवळी, पांढरी, राखाडी माती. देवळीत काजळीचा दिवा जळत असायचा, त्याच्यावर उपडी ठेवलेली पितळी. तिच्यावर धरलेली काजळी हा आमचा काळा रंग. एका कोपऱ्यात पाटा-वरवंटा. हा पाटा चटणीचा नव्हे. चटणीचा वेगळा होता, आणि त्यात अदलाबदल झालेली मामांना चालत नसे, मामीला तर मुळीच नाही.

त्या पाट्याचा आवाज मला अजून आठवतो. शाळेतून आल्यावर मामा आंघोळ करून लिंगपूजा उरकायचे, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ओसरीवर बसायचे. आत मामी डिंकाच्या पाण्यात रंग घोटत असायची. सुरुवातीला आवाज खरखरीत, दगडावर दगड घासल्यासारखा. मग हळूहळू बसका होत जायचा. मामी आतून विचारायची, ‘साकू?’ तिचं माहेर भालकीकडचं, पुरे म्हणायला तिच्या तोंडात कानडीच यायचं. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, ‘अजून.’ थोड्या वेळानं पुन्हा ‘साकू?’ आणि पुन्हा ‘अजून.’ मग एकदा वरवंटा पाट्यावरून अगदी तेलावरून गेल्यासारखा बिनआवाजी फिरायचा, आणि तिनं विचारायच्या आत मामा म्हणायचे, ‘साकू.’ मामी आत हसायची. दिवसभरात त्या दोघांचं याहून जास्त बोलणं झालेलं मी फारसं ऐकलं नाही. त्या वेळी मला वाटायचं, काय हे रुक्ष संसार करणं. आता माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कळतं की आम्ही नवराबायको दिवसभर बोलत असतो, पण तसं एकदाही बोललेलो नाही.

मामा नळीतले रंग वापरत नसत. सुरुवातीला परवडत नव्हते म्हणून, पुढं सवय म्हणून, आणि मी गेलो तोवर तो त्यांचा हट्ट झाला होता. रविवारी आम्ही सायकलींवर माती आणायला निघायचो. बिदरच्या रस्त्याला तांबड्या दगडाची एक बंद पडलेली खदान होती, तिथल्या कपारीतली काव, म्हणजे तांबडी माती, हातात घेतली की हात आठवडाभर तसाच राहायचा. पांढरी माती एका गावच्या ढासळलेल्या गढीची. पिवळ्यासाठी देगलूरच्या वाटेवर एका तळ्यात उतरायचो. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता, तळ्याचं बूड उघडं पडून त्याच्या ढलप्या निघाल्या होत्या. मामा ढलपी उचलून तिची कड दाताखाली धरायचे, कचकच लागली की थुंकून पुढं जायचे. भूक लागली की धपाटे आणि दाण्याची चटणी काढायचो, आणि मामांच्या हातानं खाल्लेल्या धपाट्याला नेहमी थोडी मातीची चव असायची. हिरवा रंग मात्र आम्हाला त्या दुष्काळानं दिला. एका शेतात विहीर आणखी खाली नेऊन राहिले होते. काळ्या खडकाच्या पोटात बोराएवढ्या पोकळ्या लागल्या आणि त्यांत शेवाळासारखी हिरवी माती भरलेली. मामा ढिगाऱ्यावर गुडघे टेकून एकेक खडा टॉवेलात वेचत होते. विहिरीचा धनी वर उभा होता. तो म्हणाला, ‘मास्तर, आमाला पाणी लागंना अन् तुमाला रंग लागला.’ विहिरीतली माणसं हसली. मामा उभे राहिले, टॉवेलाची गाठ मारली आणि म्हणाले, ‘तुला पाणी लागू दे बाबा, मी समदे खडे परत आणून टाकतो.’ विहिरीला पाणी लागल्याचं पुढं ऐकण्यात आलं नाही.

आता पाण्याचं सांगतो. आमच्या आडाला पाणी होतं, पण खारं, आणि जसजसं खाली गेलं तसतसं जास्तच खारट झालं. त्या पाण्यात साबण फुटायचा, फेस म्हणून यायचा नाही. पांढरे कपडे चारदोन धुण्यांत मळकट पिवळे पडायचे. तूर शिजायची नाही. कितीही लाकडं घाला, डाळ दाण्यादाण्यानं वेगळी. गोडं पाणी टँकरचं. तो एक दिवसाआड गल्लीच्या तोंडाशी यायचा, पुष्कळदा यायचाही नाही. मामी उन्हात रांगेला उभी राहायची. आणलेल्या गोड्या पाण्यातली एक घागर ती बाजूला काढून ठेवायची, तोंडाला पांढरं फडकं बांधून, रंगाच्या खोलीच्या उंबऱ्याआत. ती रंगाची घागर. मातीची पहिली धुणी आडाच्या पाण्यात चालायची. माती पाण्यात कालवायची, खडा खाली बसू द्यायचा, वरचं गढूळ दुसऱ्या घंगाळात ओतायचं. पण शेवटचं धुणं आणि डिंक भिजवणं हे गोड्या पाण्यातच. मामांनी मला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. ‘खार रंगात ऱ्हायला की वाळूस्तोवर गप बसतो. मंग उलटतो. वरतं येतो.’ म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही. रांगेत बायका मामीला टोमणे मारायच्या. ‘लोकांच्या लेकरांना प्यायला न्हाई, अन् मास्तरीण माती धून राहिली!’ मामी घागर डोक्यावर चढवून म्हणायची, ‘तुमची लेकरं पितील, माझं एक म्हातारं लेकरू हाय, त्याला माती लागते.’ बायका हसायच्या, रांग पुढं सरकायची. घरी आल्यावर मात्र ती बराच वेळ ओसरीच्या खांबाला टेकून बसायची.

त्याच दिवसांत लातूर नवा जिल्हा झाला. उदगीर, अहमदपूर, सगळं उस्मानाबादेतून निघून लातूरला जोडलं गेलं. कचेऱ्या उघडत होत्या, पाट्या रंगत होत्या, जो तो साहेबांच्या ओळखी सांगत होता. शाळेत परिपत्रक आलं की नव्या जिल्ह्याच्या निमित्तानं लातूरला चित्रांचं प्रदर्शन भरणार, आणि त्यातलं एक चित्र मोठ्या सभागृहात कायमचं लावायला निवडणार. मामांची नोकरी संपत आली होती. आयुष्यभर त्यांनी शाळेचे फळे, गणपतीचे पडदे, लग्नाच्या भिंती रंगवल्या. एक चित्र कुठंतरी राहावं, आपण गेल्यावरही कुणीतरी त्याच्याखाली बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे ते बोलले नाहीत. मामीनं मला सांगितलं. ‘तुझ्या मामाला झोप न्हाई रं. बैल दिसून राहिलेत.’

बैल असे होते: एका जुवाखाली दोन, एक लालकंधारी आणि एक देवणी. जनावरांच्या बाजारात अशी जोडी कुणी लावत नाही, पण मामांनी लावली. कंधारी तांबडा त्या खदानीच्या कावेचा, देवणीचं पांढरं गढीच्या मातीचं आणि काळं देवळीतल्या काजळीचं. पुढ्यात हिरव्या वैरणीची पेंढी, विहिरीतल्या त्या खड्यांची. त्या वर्षी सगळ्या तालुक्यात तेवढीच हिरवी वैरण असेल. चित्र मोठं होतं, मांजरपाटावर, खोलीच्या दारातून तिरपं करूनच बाहेर निघायचं. मामा सकाळी शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर काम करायचे आणि मामी रंग पुरवायची. रंगाची घागर रोज रिकामी व्हायला लागली. मग मामीनं घरात डाळ बंद केली. डाळीला गोडं पाणी लागतं म्हणून. आम्ही रोज पिठलं-भाकरी आणि खुरसण्याची चटणी खात होतो. मी एकदा कुरकुरलो तर म्हणाली, ‘बैल उठू दे एकदा, मंग तुला वरणात बुडवते.’

मी का केलं ते लिहितो. ते लिहायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण ते फारच लहान आहे.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मामांबरोबर मी नांदेडला एका प्रदर्शनाला गेलो होतो. गाडीनं गेलो, स्टेशनवर चहा घेतला, मामांचा जीव उल्हासला होता. तिथं चांगल्या घरची माणसं, पंखे, स्वच्छ पांढऱ्या भिंती. मामा प्रत्येक चित्राच्या कडेला जाऊन तिरपं बघत होते, चित्रकाराला विचारत होते, ‘काळा कशाचा म्हणता?’ चित्रकार म्हणायचा, ‘दुकानाचा,’ आणि आजूबाजूची माणसं हसायची. मामाही हसायचे. मी मागं मागं राहत होतो. एका भिंतीशी चित्रकलेच्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. त्यांतली एक मला म्हणाली, ‘तुम्ही जरा भिंतीपासून सरका ना. भिंत पांढरी आहे, तुमचा शर्ट किती पिवळा आहे ते कळून येतंय.’ वाईट मनानं नाही म्हणाली, मुली एकमेकींना हसवायला म्हणतात तसं. मी पण हसलो. गाडीत परत येताना मामा चित्रांबद्दल बोलत होते आणि मी बाही मुडपून आत लपवत होतो. लातूरच्या प्रदर्शनाला त्या वर्गाची चित्रं येणार होती, मुलीही येणार होत्या.

चित्र संपत आलं होतं. कंधारीचा शेवटचा हात आणि पेंढीचा हिरवा एवढंच राहिलं होतं. त्या दुपारी मामा शाळेत होते, मामी देवळाशेजारी कुणाच्या तरी बारशाला गेली होती. घरात मी एकटा. रंगाची घागर फडकं बांधून उंबऱ्याआत भरलेली. मी ते फडकं सोडलं. परसात दगडावर शर्ट ठेवला, गोडं पाणी ओतलं, साबण लावला आणि फेस आला. पांढरा, जाड, बोटांतून निसटणारा फेस. कित्येक महिन्यांत मी फेस पाहिला नव्हता. मग राहवलं नाही, डोकंही धुतलं. पाणी संपेस्तोवर अंगावर घेतलं. मला आठवतंय, मी गुणगुणत होतो. मग आडात पोहरा टाकला, घागर तितक्याच गळ्यापर्यंत भरली, फडकं होतं तसं बांधलं. मनाशी म्हणालो, शेवटचा एवढासा तर रंग आहे, काय होतं. संध्याकाळी मामी आली, फडकं सोडलं, त्या पाण्यात काव आणि हिरवा शेवटचा धुतला, डिंक भिजवला. मी ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. आत ‘साकू?’ झालं, ‘अजून’ झालं. उठून आत जायला आणि तोंड उघडायला मला पाच-सहा पावलं पडली असती. डाळीचं पाणी मामीनं महिनाभर वाचवलं होतं. ते मी डोक्यावर ओतून घेतलं हे सांगायचं कसं, एवढंच मनात घोळत राहिलं.

चित्र एस.टी.नं नेलं. चादरीत गुंडाळून मधल्या वाटेत उभं धरलं. कंडक्टर म्हणाला, ‘मास्तर, काय आहे आत?’ मामा म्हणाले, ‘बैल.’ ‘किती?’ ‘दोन.’ ‘मग दोन अर्धी तिकिटं लागतील, वैरण फुकट नेऊ देतो.’ अख्खी गाडी हसली. मामा इतके मोकळे हसलेले मी पुन्हा पाहिले नाहीत. चित्र लावून आम्ही परत आलो. निवड काही दिवसांनी होती, आणि त्या दिवशी मामांनी मामीला बरोबर घेतलं. ‘तू घोटलेला रंग तू भिंतीवर बघ एकदा,’ म्हणाले. मामीनं लग्नातलं इरकल काढलं. तिनं तोवर प्रदर्शन नावाची गोष्ट पाहिली नव्हती. दारात चपला काढायला लागली. मामा म्हणाले, ‘अगं, देऊळ न्हाई हे.’ ती म्हणाली, ‘तुमच्यासाठी न्हाई का?’ आणि चपला काढल्याच.

मी त्यांच्या पुढं निघून गेलो होतो. शर्ट पांढराशुभ्र होता. ती मुलगी भेटली, ओळखलं तिनं. ‘अरे वा, आज भिंतीपाशी उभं राहायला हरकत नाही,’ असं काहीसं म्हणाली. मी अगदी सुखात होतो, ते सुख किती वेळ टिकलं ते सांगता येत नाही. पलीकडच्या भिंतीशी घोळका जमला होता आणि हसण्याचा आवाज येत होता.

कंधारीवर पांढरं उठलं होतं. पाठीवर, वशिंडावर, मानेवर, पिठासारखं, कुठं कुठं बुरशीसारखं फुललेलं. हिरव्या पेंढीवर तर तांदळाच्या कण्या सांडल्यासारखं. काही ठिकाणी रंगाचे पापुद्रे सुटून खाली फरशीवर पडले होते. आधी हात दिलेलं सगळं जसंच्या तसं होतं. देवणीला डाग नव्हता. फेट्यातला एक शेतकरी शेजाऱ्याला सांगत होता, ‘खरूज हाय ही. तंबाखूचं पाणी लावा म्हणावं मास्तरला.’ दुसरा म्हणाला, ‘निवड कराया जनावराचा डॉक्टर आणा.’ तेवढ्यात निवडणारे साहेब आले. त्यांच्यातला एक बारीक डोळे करून थोडा वेळ थांबलासुद्धा, चांगलं होतं म्हणाला, आणि मग, ‘पण हे खराब झालंय, हे टिकायचं नाही,’ असं म्हणून पुढं गेला. त्यांनी पुढच्या भिंतीवरचं एक तैलचित्र निवडलं.

मामांनी बोट लावलं, जिभेला टेकवलं. ‘खार,’ म्हणाले. मग मामीकडं वळले. मोठ्यानं नाही, पण घोळका तिथंच होता, सगळ्यांनी ऐकलं.

‘पाणी कुठलं घेतलंस?’

‘घागरीतलंच की.’

‘कोणच्या घागरीतलं?’

‘रंगाच्या. फडकं बांधलेली होती, तीच. अय्यो, मी काय आज धून राहिली का?’

‘मंग हा खार कुठून आला? आभाळातून?’

‘मला काय ठावं. मी तीच घेतली हो. बसूला विचारा, बसू व्हता घरी.’

दोघांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘मी वाचत होतो. माझं लक्ष नव्हतं.’

आज एवढ्या वर्षांनी मला वाटतं, नुसता गप्प राहिलो असतो तरी इतकं वाईट झालं नसतं. पण मी बोललो. मामा पुन्हा मामीकडं वळले आणि म्हणाले, ‘इतक्या वर्षांत तुला दोन घागरी ओळखू येऊ नयेत.’ मामी अनवाणी उभी होती, तिच्या पायाजवळ तांबडे पापुद्रे पडले होते. ती वाकून ते पदरात गोळा करायला लागली. मामा म्हणाले, ‘राहू दे.’

मामा मारणारे, ओरडणारे नव्हते. त्यांनी पुढच्या महिन्यात नांदेडहून नळीतले रंग मागवले. रंगाची खोली तीच राहिली, पण मामी तिच्या उंबऱ्याशी थांबायला लागली, चहाचा कप तिथंच खाली ठेवायची. गाडगी परसात गेली, त्यांत पुढं तिनं कोरफड लावली. पाटा तिनं स्वतः घासून धुतला आणि चटणीला घेतला. मी वर्षभर त्या घरात होतो. संध्याकाळी मामा ओसरीवर डोळे मिटून बसत आणि आत काहीच वाजत नसे. त्या वर्षाच्या शेवटी मी शिक्षण पुरं न करता नांदेडला नोकरी धरली. सगळ्यांना सांगितलं, घरची ओढाताण बघवत नव्हती. मामा त्यानंतरही चित्रं काढत होते, गुळगुळीत, नीटनेटकी. मी बघितली की कडेला उभा राहून तिरपं बघायचो. तिरपं बघण्यासारखं त्यांत काही नसायचं.

पुढं मी खूप हिंडलो. सुटी मिळाली की प्रदर्शनं पाहिली, रंग बनतात त्या जागा पाहिल्या. एकदा एका कारखान्यात काव दळताना पाहिली. तांबड्या धुरळ्यात तोंड बांधलेली माणसं, मोठाले पिंप, त्यांत पाण्याची धार. मी तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं, ‘पाणी कुठलं?’ तो म्हणाला, ‘म्हणजे?’ मी म्हणालो, ‘गोडं का खारं?’ त्याला वाटलं मी तपासणीचा कुणी साहेब आहे, त्यानं खुर्ची मागवली. घरी येऊन हा किस्सा मी हसत सांगितला. सगळे हसले.

मामा गेले. मामी आता विजयाकडं असते. विजयाच्या नवऱ्याची बदली होऊन ते नांदेडला आले, माझ्या घरापासून रिक्षानं जवळच. मी महिन्यातून एकदा जातो, ती माझ्यासाठी मुद्दाम वरण करते. मागच्या थंडीत मी तिला एका प्रदर्शनाला घेऊन गेलो. का नेलं ते नीट सांगता येत नाही, कदाचित तिथं तिला सांगायला जमेल असं वाटलं असेल. दारात ती वाकायला लागली तशी मी म्हणालो, ‘मामी, चपला असू दे.’ फरशी गार होती. ती प्रत्येक चित्रासमोर थोडं थोडं थांबत होती. एका मोठ्या तांबड्या चित्रापुढं मात्र बराच वेळ उभी राहिली. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाली,

‘बसू, मी फडकं बांधलेलीच घागर घेतली होती रे.’

मी म्हणालो, ‘मला माहीत आहे, मामी.’

तिनं वळून बघितलं. ‘तुला रे कसं माहीत?’

हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. तिच्या हाताला मी धरलं होतं. मी म्हणालो, ‘नाही, म्हणजे... मामांचाच काहीतरी हात चुकला असेल. डिंक कमी पडला असेल.’

तिनं आधी त्या तांबड्या चित्राकडं बघितलं. मग मान हलवली. ‘त्यांचं नाव नको घेऊ. त्यांचा हात चुकायचा न्हाई.’ आणि स्वतःशीच हिशेब मिटवल्यासारखी म्हणाली, ‘माझंच चुकलं असंल. उन्हात रांगेला उभं ऱ्हाऊन डोळ्यापुढं अंधारी यायची त्या दिवसांत. दुसरीच घागर घेतली असंल मी.’

इतकी वर्षं ती नाही म्हणत होती. त्या दिवशी माझ्यासमोर तिनं ते कबूल करून टाकलं. मी तिला रिक्षात बसवून विजयाकडं सोडलं, वरण-भात जेवलो आणि घरी आलो.

मामीला अक्षरओळख नाही, त्यामुळं हे लिहिणं सांगण्यात धरता येणार नाही. तिच्यासमोर बसून, ते पाणी मी भरलं होतं आणि तू बरोबर घागर घेतली होतीस, एवढं तिला सांगणं माझ्याकडून बाकी आहे.